कापसाचा धागा कोणाच्या मापानें मोजावा ?

(कपाशीच्या टापूंतील एका खेड्यांत, चावडीपुढें जमलेल्या शेतकरी व कारागीर मंडळींपुढें तेथील शिक्षकानें दिलेलें व्याख्यान.)



मृग जवळ आला कीं आपल्याकडे घरोघर एकच प्रश्न निघतो : यंदा बियाणें कोणतें ? दुकानदार एक सांगतो, मेहुणा दुसरें सांगतो, आणि भिंतीवर रंगविलेली जाहिरात तिसरेंच सांगते. पण तें बियाणें ज्यानें तयार केलें, त्यानें तें करतांना आपल्या मनांत काय धरलें होतें, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. आज मी तेवढीच गोष्ट तुमच्यापुढें मांडणार आहें. मी शास्त्रज्ञ नव्हे. ट्रेनिंग कॉलेजांतून शिकून आलेला खेड्यांतला मास्तर आहें. परंतु मास्तराला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, ती ही कीं, परीक्षेंत जो प्रश्न येणार असेल त्याचेंच उत्तर मुलें पाठ करतात. शेतकीच्या संशोधनाचेंहि तसेंच आहे. संशोधकाला जो प्रश्न घालून दिला त्याचें उत्तर तो आणतो. जो घातलाच नाहीं, त्याचें उत्तर कां आणलें नाहीं म्हणून त्याच्यावर रागावण्यांत अर्थ नाहीं. प्रश्न कोणी घातला तें पाहावें.

आपला कापूसच घेऊं.

देशी कपाशी या देशांत हजारों वर्षें पिकत आली. तिचें सोटमूळ खोल जातें, पावसानें दडी मारली तरी ती तग धरते, तुडतुडे आणि मावा तिला सहसा लोळवीत नाहींत. तिचा धागा मात्र आंखूड. आतां आंखूड म्हणजे हलका, हें कोणी ठरविलें ? ढाक्याची जी मलमल जगभर नांवाजली ती मेघना नदीच्या कांठच्या फुटी कापसाची, आणि त्या कापसाचा धागा आंखूडच होता. कातणाऱ्या बाया सकाळसंध्याकाळच्या दमट हवेंत कातीत, म्हणजे सूत तुटत नसे. बोटांना आंखूड धागा चालतो, कारण बोटें त्याला सांभाळून घेतात. यंत्र कोणालाच सांभाळून घेत नाहीं. लँकेशायरच्या गिरण्यांना लांब, बळकट आणि एकसारखा धागा पाहिजे होता, आणि तो अमेरिकेंत, आफ्रिकेंतून धरून नेलेल्या गुलामांच्या घामावर पिकत होता. तेव्हांपासून कापसाचें माप बदललें. कातणारीच्या बोटांवरचें माप जाऊन गिरणीच्या चात्यांचें माप आलें.

इ. स. १८४० मध्यें ईस्ट इंडिया कंपनीनें अमेरिकेंतून दहा मळेवाले पगार देऊन हिंदुस्थानांत आणले. कशाला, तर येथील रयतेला कापूस कसा पिकवावा तें शिकविण्याला! मुंबई, मद्रास आणि बंगाल अशा तिन्ही इलाख्यांत त्यांनीं अमेरिकन बीं टाकलें. धारवाडाकडचा भाग सोडला तर बहुतेक ठिकाणीं हा खेळ फसला. अमेरिकेच्या त्या भागांत पाऊस मोसमभर वांटून पडतो; आपल्याकडे चार महिन्यांत सारा पडून घेतो आणि मग आभाळ कोरडें. शेजारच्या वावरांतला कुणबी हें सगळें उभ्यानें पाहत होता. त्याला कोणी विचारलें नाहीं. विचारण्याची गरजच कोणाला वाटली नाहीं. शहाणपण तेवढें बोटींतून येतें, आणि रयतेनें तें बंदरावर उतरून घ्यावें, ही त्या प्रयोगामागची विचारसरणी. ती पुढें किती वर्षें टिकली तें आपण पाहणारच आहों.

१८६१ ते १८६५ या सालांत अमेरिकेंत यादवी लढाई झाली, तिकडचा कापूस अडकला, आणि मुंबईच्या बाजारांत आमच्या कापसाला एकदम सोन्याचा भाव आला. जेथें ज्वारी होत असे तेथें कपाशी उभी राहिली. लढाई संपली, भाव कोसळले, सावकाराचें देणें तेवढें जागच्या जागीं राहिलें. दुसऱ्याच्या मापाचें पीक घेतलें कीं त्याच्या गरजेबरोबर चढावें लागतें आणि त्याच्या गरजेबरोबरच उतरावें लागतें.

पण त्या काळींहि वेगळा प्रश्न विचारणारा एक पुरुष पुण्यास होता. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८३ मध्यें 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यांतला संताप सर्वांच्या लक्षांत राहतो, परंतु शेवटीं शेवटीं त्यांनीं शेतीच्या सुधारणेची जी योजना मांडली आहे ती लोक भराभर पानें उलटून सोडून देतात. पाऊस पडतांना डोंगरावरचा आणि रानांतला पालापाचोळा, शेणमूत, कुजलेले किडे असा सगळा कस वाहून जातो, तो शेतांत मुरावा म्हणून ताली-बंधारे घाला, हें काम रिकाम्या बसलेल्या फौजेकडून आणि पोलिसांकडून करून घ्या, गुरेंढोरें वांचवा, मेंढ्याबकऱ्यांची पैदास सुधारा, नांगरटीच्या परीक्षा घेऊन बक्षिसें द्या, शेतकऱ्याच्या मुलांना लोहारकी-सुतारकी शिकवून परदेशच्या शेतकी शाळा दाखवून आणा. हा क्रम नीट पाहा. आधीं माती आणि पाणी, मग गुरें, मग माणसाचा हात आणि त्याची विद्या. परदेशची विद्या त्यांना नको होती असें नाहीं. ती शेतकऱ्याच्या पोराच्या डोक्यांत बसून घरीं यावी, मळेवाल्याच्या पगारपत्रकांत बसून नव्हे, एवढेंच त्यांचें म्हणणें. जंगलखात्यानें गायरानें बंद केल्यामुळें गुरें कशीं मेलीं, हेंहि त्यांनीं लिहून ठेवलें आहे. माती, गुरें आणि रान यांचा हिशेब एकाच वहींत मांडणारा असा लेखक त्या काळीं दुसरा दाखविणें कठीण.

त्यानंतर सहा वर्षांनीं सरकारनें विलायतेहून डॉ. व्होल्कर नांवाचे रसायनशास्त्रज्ञ बोलाविले. १८८९ च्या डिसेंबरपासून वर्षभर ते देशभर हिंडले, आणि १८९३ मध्यें त्यांचा अहवाल छापून निघाला. मळेवाल्यांना न दिसलेली गोष्ट या गृहस्थांना दिसली. येथील चांगला शेतकरी विलायती शेतकऱ्याच्या तोडीचा आहे, कांहीं बाबतींत त्याहून सरस आहे, त्याच्यापाशीं उणें आहे तें पाण्याचें, खताचें आणि साधनांचें, असें त्यांनीं स्वच्छ लिहिलें. जळण मिळत नाहीं म्हणून शेण चुलींत जातें आणि शेत उपाशी राहतें, तेव्हां जळणासाठीं वेगळीं रानें लावा, अशी त्यांची सूचना होती. सरकारी अहवालाचें जें व्हावयाचें तें झालें. शेण जळतच राहिलें.

आतां आपण माटुंग्यास जाऊं. १९२१ मध्यें इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी स्थापन झाली. तिचा खर्च गासडीमागें बसविलेल्या उपकरांतून चाले. गासडीवरचा कर शेवटीं कोणाच्या भावांतून कापला जातो तें तुम्हांला मी सांगायला नको. १९२४ मध्यें या कमिटीनें मुंबईस माटुंग्याला एक प्रयोगशाळा काढली. निरनिराळ्या वाणांची थोडथोडी रुई तेथें जाई. धाग्याची लांबी, बारीकपणा, ताकद मोजली जाई. आणि ती कातून किती नंबरापर्यंतचें सूत निघतें तें पाहत. काम चोख होतें, त्यांत मी खोट काढीत नाहीं. पण वाण चांगला कीं वाईट याचा मोठा निकाल त्या सुताच्या नंबरावर लागे. हा वाण उघडिपींत किती दिवस उभा राहिला, त्याच्या मळ्याखालच्या मातीचें काय झालें, दुकानाचें देणें फिटून घरांत काय उरलें, हे रकाने त्या तक्त्यांत नव्हते. प्रश्नच तसा घातलेला नव्हता.

याच सुमारास आमच्या वऱ्हाडांत काय चाललें होतें तें ऐका. येथें रोझियम नांवाचा देशी कापूस शेतकऱ्यांनीं उचलून धरला होता. धागा आंखूड, हाताला खरबरीत. पण काटक, आणि रुईचा उतारा मोठा; शंभर शेर कापसांत चाळिसाच्या घरांत रुई. लांब धाग्याच्या वाणांचा उतारा कमी पडे, आणि लांब धागा म्हणून व्यापारी जो वाढावा देई त्यानें ती तूट भरून निघत नसे. रोझियम घेणाऱ्या शेतकऱ्याला आडमुठा म्हणणारे पुष्कळ होते. आडमुठा कसला ! तो त्रैराशिक मांडीत होता. माझ्या सातवीच्या पोरांना मी हें गणित घालतों, तीं दोन मिनिटांत सोडवितात. गिरणीला लांब धागा पाहिजे होता तर गिरणीनें त्याचे पैसे मोजावयाचे होते. पैसे न मोजतां शेतकऱ्याची बुद्धि काढणें हा स्वस्तांतला मार्ग होता.

आतां ज्या माणसाविषयीं थोडें सविस्तर सांगावें असें वाटतें त्याच्याकडे येतों. आल्बर्ट हॉवर्ड हा इंग्लंडांतल्या शेतकऱ्याचा मुलगा. १९०५ मध्यें तो सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून बिहारांत पुसा येथें आला. त्याची बायको गॅब्रिएल हीहि तशीच विदुषी, आणि दोघांनीं मिळून गव्हाच्या नामांकित जाती काढल्या. पण त्याची मोठी गोष्ट ती नव्हे. आपल्या प्रयोगाच्या शेतावर रोग आणि कीड येते, शेजारच्या रयतेच्या शेतांत मात्र कमी, हें त्यानें पाहिलें, आणि साहेब असून तो त्या रयतेकडे शिकावयास गेला. येथील शेतकरी आणि पिकावरचे किडे हे आपले गुरुजी, असें तो पुढें उघड सांगे. कीड आली म्हणजे ती मारण्याआधीं तिनें काय सांगितलें तें वाचावें. जमिनींत किंवा लागवडींत कोठें चुकलें आहे, त्याची ती चिठ्ठी आहे, असा त्याचा विचार.

१९२४ मध्यें होळकरांच्या इंदुरास दरबारनें दिलेल्या जमिनीवर एक संस्था निघाली. पैसा कॉटन कमिटीचा आणि मध्य हिंदुस्थानांतल्या संस्थानांचा. अपेक्षा अशी कीं हॉवर्डनें कापूस सुधारावा. त्यानें कापसाला हात घालण्यापूर्वीं सगळें शेतच पाहावयास घेतलें. काळ्या जमिनींत भर पावसाळ्यांत पाणी तुंबतें, मुळांना हवा मिळत नाहीं, कस धुपून जातो. अशा जमिनींत वाण बदलून काय होणार? त्यानें जादा पाण्याला वाट करून दिली आणि खत हातीं घेतलें. पऱ्हाटीच्या काड्या लवकर कुजत नाहींत हें आपण जाणतों. त्यानें त्या संस्थेच्या रस्त्यांवर पसरून गाड्यांच्या चाकांखालीं चुरून घेतल्या. गोठ्यांतली मूत मुरलेली माती खणून काढली. तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि दोन फूट खोल अशा खड्ड्यांत काडीकचरा, शेण, ती मुताची माती आणि राख यांचे थर दिले, पाणी शिंपडलें, तीन वेळां खालवर केलें, आणि तीन महिन्यांत काळें, भुसभुशीत, वास नसलेलें खत हातीं आलें. युक्ति कांहीं इंदुराची, कांहीं चीनच्या शेतकऱ्यांची; परदेशच्या शेतकऱ्यापासून शिकण्यांत त्याला कमीपणा वाटला नाहीं. या कामांत यशवंत वाड नांवाचे रसायनशास्त्रज्ञ त्याच्या जोडीला होते, आणि १९३१ मध्यें त्या दोघांच्या नांवानें या खताचें पुस्तक निघालें. 'इंदूर पद्धत' म्हणून ती पुढें पार विलायतेपर्यंत गेली.

आणखी एक गोष्ट कारागीर आणि मजूर बंधूंनीं कान देऊन ऐकावी. त्या संस्थेंत मजुरांचे तास कमी ठेवलेले असत, पगार ठरल्या दिवशीं हातांत पडे, राहण्याची आणि औषधपाण्याची सोय असे. मजूर टिकला, कामांत मुरला, तरच शेत नीट चालतें, असें हॉवर्डचें म्हणणें. आणि त्यानें हें दयाधर्म म्हणून नव्हे तर प्रयोग म्हणून लिहून ठेवलें. मजुराचा पोटापाण्याचा प्रश्न शेतकी संशोधनाच्या आंत धरणारे शास्त्रज्ञ तेव्हांहि थोडे होते आणि आजहि थोडेच आहेत. हॉवर्डचीं सारींच मतें पुढच्या शास्त्रज्ञांनीं मानलीं नाहींत. सगळे रोग खतानें जातात असें मीहि म्हणणार नाहीं. पण त्यानें प्रश्न बरोबर जागीं नेऊन ठेवला.

१९३१ मध्यें तो निघून गेला. पुढें १९४७ मध्यें फाळणी झाली. पंजाब-सिंधमधला कालव्यांखालचा, लांब धाग्याच्या कापसाचा मोठा मुलूख पाकिस्तानांत गेला आणि बहुतेक गिरण्या इकडे राहिल्या. गिरण्या बंद पडल्या तर मुंबई-सोलापूरच्या कामगारांनीं खावें काय, हाहि खरा प्रश्न होता, तो मी हंसण्यावारीं नेत नाहीं. देशानें लांब धाग्याचा ध्यास घेतला. १९७० मध्यें सुरतेच्या केंद्रांत चंद्रकांत पटेल यांनीं संकर-४ हा वाण काढला; व्यापारी लागवडीसाठीं निघालेला जगांतला हा पहिला संकरित कापूस. त्याचें बीं तयार करतांना एकेका फुलाचे पुंकेसर संध्याकाळीं हातानें काढावे लागतात आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं दुसऱ्या झाडाचा पराग लावावा लागतो. हें नाजूक काम बाया आणि पोरी करीत आल्या. उत्पन्न वाढलें, धागा लांबला. पण सरकी घरांत ठेवून पुढच्या वर्षीं पेरावी तर संकराचा गुण फुटून जातो, म्हणून बीं दरसाल विकत. आणि बीं महाग म्हणून तें तिफणीनें पेरतां येईना. एकेक दाणा मोजून, लांब लांब अंतरावर टोबावें लागलें. आमच्या सुतारनानांच्या घरीं तिफणीचें काम कमी कां झालें, याचें एक उत्तर येथें आहे. बियाण्याच्या प्रयोगशाळेंतला निर्णय सुताराच्या अंगणापर्यंत कसा चालत येतो पाहा !

अधिक उत्पन्नाच्या त्या लाटेंत खुद्द शास्त्रज्ञांना धोका दिसत नव्हता असें समजूं नका. डॉ. स्वामिनाथन्, ज्यांचें नांव गव्हाच्या क्रांतीबरोबर घेतलें जातें, त्यांनींच जानेवारी १९६८ मध्यें वाराणसीच्या सायन्स काँग्रेसमध्यें बजावलें होतें कीं, मातीचा कस, पाण्याचा निचरा, औषधांचे परिणाम न पाहतां नुसतें ओरबाडणें चाललें तर पुढें संकट आहे. इशारा छापला गेला. योजना पोत्यांच्या आंकड्यांवरच चालल्या.

२००२ मध्यें बी.टी. कापसाला परवानगी मिळाली. मातीतल्या एका जंतूचा गुण कपाशींत घातलेला. बोंडअळीनें पान खाल्लें कीं ती मरावी. पहिल्या वर्षांत अळीसाठींच्या फवारण्या कमी झाल्या, पीक वाढलें, हें आपणच अनुभवलें आहे; खोटें कां बोला ? देशाचें कापसाचें सरासरी उत्पन्न २००७-०८ मध्यें हेक्टरी ५५४ किलो रुईपर्यंत चढलें. त्यानंतर बी.टी. जवळजवळ प्रत्येक वावरांत पोंचलें, पण सरासरी पुढें जावयाच्या ऐवजीं मागें रेंगाळली. दुसऱ्या बहुतेक देशांत हाच गुण सरळ वाणांत आहे, तेथें झाडें दाट लावतात आणि पीक लवकर काढून मोकळे होतात. आपल्याकडे तो संकरित वाणांत आला, कारण संकराचें पाकीट दरसाल विकलें जातें. विक्रीच्या मापानें तें बरोबर होतें. पण तो वाण विरळ, लांब मुदतीचा, दिवाळीनंतरहि उभा. वर आपण फरदड घेतली. शेंदरी बोंडअळीला याहून मोठी मेजवानी कोणती ? तिनें विष पचविलें. २०१७ मध्यें तिनें आपल्या भागांत बोंडें आंतून पोखरलीं तें सर्वांच्या डोळ्यांपुढें आहे. त्याच हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषानें वीसाहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पाठीवर पंप घेऊन जाणारा माणूस बहुधा रोजानें लावलेला असतो. संशोधनाचा नफा वरच्या वर वांटला जातो आणि जोखीम खालच्या खांद्यावर येते, हें यापेक्षां उघड कसें दिसावें ?

१९८७ मध्यें ब्रुंटलँड बाईंच्या अध्यक्षतेखालीं एका जागतिक आयोगानें विकासाची एक व्याख्या केली, ती हल्लीं प्रत्येक सरकारी कागदावर असते. आजच्यांची गरज भागवितांना उद्यांच्यांच्या गरजेवर कुऱ्हाड पडूं नये, असा तिचा भावार्थ. चांगली आहे. पण आपल्या म्हाताऱ्यांना ती नवी वाटणार नाहीं. ज्या घरांत सरकीचें बीं राखेंत घोळून कणगींत राहत होतें, त्या घरांत ती व्याख्या न लिहितां पाळली जात होती. प्रश्न व्याख्येचा नसून मोजणाराचा आहे.

मोजणारा कोण, यावरून कापूस क्षणभर बाजूला ठेवून धानाची एक गोष्ट सांगतों. चंद्रपूर जिल्ह्यांतल्या नागभीड तालुक्यांत नांदेड म्हणून गांव आहे. तेथें दादाजी खोब्रागडे नांवाचे एक लहान शेतकरी होते. शिक्षण बेताचें, घर दलिताचें. १९८३ मध्यें आपल्या धानांत कांहीं लोंब्या निराळ्या दिसल्या म्हणून त्यांनीं त्या वेगळ्या राखल्या, पुढल्या सालीं वेगळ्या पेरल्या, असें निवडीत निवडीत बारीक दाण्याचा नवा वाण उभा केला. मनगटावरच्या घड्याळाचें नांव त्याला मिळालें : एच.एम.टी. तो तांदूळ पुष्कळ मुलखांत गेला. १९९८ मध्यें अकोल्याच्या कृषि विद्यापीठानें शुद्ध करून आपल्या नांवानें तो प्रसिद्ध केला. २००५ मध्यें खोब्रागड्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१८ मध्यें ते वारले, आणि अखेरपर्यंत घरचें दारिद्र्य सुटलें नाहीं. संशोधक म्हणावयाला लागतें तें सारें त्यांच्यापाशीं होतें : नजर, धीर, आणि दरसालची नोंद मनांत ठेवण्याची शिस्त. नव्हता तो फक्त शिक्का.

याचा अर्थ देशी तेवढें सोवळें आणि बाकीचें ओवळें, असा कोणी घेऊं नये. सोवळ्याओवळ्याचा खेळ आपण पुरता भोगला आहे, तो बियाण्यांत नको. देशी कपाशीचें बोंड लहान असतें, फुटल्यावर कापूस गळून मातींत पडतो. वेचणाऱ्या बाईला दिवसभर वांकून भार कमी भरतो, आणि मजुरी तर किलोवर. देशी पेरा म्हणून व्याख्यान झोडणारे बहुधा वेचायला जात नाहींत. शिवाय जीनवाला आंखूड धागा निराळा घ्यावयास नाखूष असतो. पण या उण्यांवर उपाय शोधणें हेंच संशोधनाचें काम. परभणीच्या विद्यापीठानें लांब धाग्याचे देशी वाण काढले आहेत. नागपूरच्या केंद्रीय कापूस संस्थेनें लवकर येणाऱ्या सरळ वाणांची दाट लागवड करून पाहिली आहे. हे वाण दुकानांत सहजीं सांपडत नाहींत, कारण जें बीं एकदां घेऊन शेतकरी घरीं राखूं शकतो, त्याच्या जाहिरातीला भिंत रंगविणार कोण ? तें मागून घ्यावें लागतें, आणि मागायला चारपांच गांवांनीं एकत्र यावें लागतें.

मागायचें तर हातांत हिशेब पाहिजे. शास्त्रज्ञापुढें हात जोडून 'साहेब, परवडत नाहीं' म्हटलें तर तो मान हलवून निघून जाईल. वही पुढें केली तर त्याला बसावें लागेल. म्हणून यंदापासून शाळेंत एक मोठी वही ठेविली आहे. ज्यांना मान्य असेल त्यांनीं आपल्या वावराचा एक तुकडा, अर्धा एकर कां होईना, निराळा धरावा. कोणी देशी, कोणी सरळ वाण, कोणी आजचेंच पाकीट. एकाच गांवांत, एकाच पावसांत तिन्ही उभीं राहूं द्या. बियाण्याला काय पडलें, तें रोख कीं उधार. किती गाड्या शेणखत. पाऊस किती दिवस गेला आणि झाडें कोणत्या दिवशीं माना टाकूं लागलीं. फवारणी किती वेळां आणि पंप कोणाच्या पाठीवर. एका बाईनें एका दिवसांत किती वेचलें आणि तिच्या हातांत काय आलें. पऱ्हाटी जाळली कीं चुरून खड्ड्यांत घातली. दुकानाचा आंकडा वजा जातां घरांत काय उरलें. क्विंटल लिहाच, पण क्विंटलावर थांबूं नका. सुतारनाना, रामभाऊ लोहार यांनीं आपलें पान स्वतंत्र ठेवावें. तिफण किती बनल्या, वखराच्या पासा किती शेवटल्या, तेंहि शेतकीचेंच माप आहे. कोष्ट्यांपैकीं जे अद्याप माग चालवितात त्यांनीं देशी रुईचें सूत कातवून पाहावें आणि तें कसें चाललें तें लिहावें.

मायबहिणींना माझी एक विनंति. वेचणीचें पान तुमच्याशिवाय कोणाला भरतां येणार नाहीं, आणि आजवरच्या कोणत्याहि तक्त्यांत तें पान नव्हतें. ज्यांना लिहितां येत नाहीं त्यांनीं आपल्या पोराला किंवा पोरीला समोर बसवून सांगावें. पांचवी ते सातवीच्या मुलांना रोज संध्याकाळीं पाव तास या कामासाठीं मोकळा दिला आहे. त्यांचें मराठी आणि गणित दोन्ही त्यांत होईल.

वही शाळेच्या ओसरीवरल्या पेटींत आहे. पेटीला कुलूप घातलेलें नाहीं. मृगाला अजून बारा दिवस आहेत. बियाणें घेण्यापूर्वीं आपापल्या घरचें मागल्या वर्षाचें देणें पहिल्या पानावर मांडून जावें, म्हणजे यंदाच्या आंकड्याला जोडीला कांहीं राहील.